मावशी, पाणी आणता का?

पाहुणे सांगितल्या वेळेच्या बरेच आधी आले. सगळा घोटाळा त्यामुळेच झाला, असे मामा नंतर कितीतरी वर्षे सांगत राहिला. धाकटीला ते पटत नसे. ती म्हणायची, वेळेवर आले असते तर त्या दिवशी टळले असते, पण पुढे कधीतरी झालेच असते, आणि तेव्हा कदाचित इतक्या लवकर निस्तरले नसते.

धाकटी दवाखान्याच्या धुलाईघरातून थेट आली होती. ठरले होते ते वेगळेच. तिने दुपारी लवकर सुटायचे, ठमीच्या या नव्या भाड्याच्या घरी येऊन अंघोळ करायची आणि ठमीने तिच्यासाठी आणलेले जांभळे कपडे घालायचे. ते कपडे सकाळपासून न्हाणीघराच्या दारामागे टांगलेले होते. ठमी म्हणजे तिची भाची, थोरल्या बहिणीची एकुलती एक पोर. पाळण्यातले नाव चांगले होते, पण घरात ते कुणी वापरत नसे. ठमी आता पुलांचे नकाशे काढते, तिच्या हाताखाली माणसे आहेत, तरी घरात ठमीच.

पण वाळवणीचे मोठे मशीन ऐन वेळी बंद पडले. ऑपरेशनच्या खोल्यांच्या चादरी ओल्या राहिल्या आणि मुकादमाने कुणाला जागचे हलू दिले नाही. धाकटी धावत पळत आली तेव्हा तिच्या अंगात निळा कोट तसाच होता.

हा कोट तिला आवडत नसे. त्या धुलाईघरात तिच्या आईच्या वेळेपासून पांढरा कोट होता. पांढरा कोट म्हणजे दवाखान्याचे माणूस, पक्की नोकरी. पुढे दवाखान्याने धुलाई ठेक्यावर देऊन टाकली. बायका त्याच राहिल्या, हौद तेच, चादरींवरचे डागही तेच. फक्त कोट निळा झाला, पाठीवर ठेकेदाराचे नाव आले आणि पगारी सुट्टी गेली.

ती दारातच वाकून बूट काढत होती तेवढ्यात घंटा वाजली. खालून बर्फ आणायला मामाने कुणाला तरी सांगितले होते. तोच असेल म्हणून तिने दार उघडले.

समोर तिघे होते. पुढे एक उंच बाई, खांद्यावर राखाडी लोकरीचा कोट. मागे एक शांत गृहस्थ आणि त्यांच्या मागे तो मुलगा, ज्याचा फोटो ठमीने धाकटीला दाखवला होता.

"नमस्कार. आम्ही फार लवकर आलो का हो?" त्या बाई हसून म्हणाल्या. हसणे चांगले होते, मनापासूनचे. मग त्यांनी कोट काढला आणि धाकटीच्या हातात दिला. "हे जरा आत ठेवता का? आणि ही फळं."

धाकटीने कोट घेतला. फळे घेतली. हातात आलेली वस्तू घ्यायची, ही तिची आयुष्यभराची सवय.

*

ठमी केस बांधत बाहेर आली तेव्हा तिला एवढेच दिसले: मावशी भिंतीला लागून उभी, अंगात निळा कोट, हातात दुसऱ्याचा कोट, आणि वकीलबाई, म्हणजे त्या मुलाची आई, मावशीला ओलांडून खोली बघताहेत.

एका क्षणात तिच्या डोक्यात बरेच काही येऊन गेले. वकीलबाईंनी मावशीला काय समजले ते तिला कळले. आता सांगितले तर त्या लाजतील, पहिल्याच भेटीत, दारातच. आणि त्याखाली आणखी एक होते, जे तिने नंतर स्वतःशी कबूल केले. त्या कोटाची तिला भीती वाटली. ही माझी, असे त्या कोटाकडे बोट दाखवून म्हणायला तिची जीभ उचलेना.

"या ना, बसा," ती म्हणाली. मग वळली. "मावशी, पाणी आणता का?"

बोलून झाल्यावर तिलाच ते ऐकू आले. आणता.

जन्मभर ती 'आण' म्हणत आली होती. बाप गेला तेव्हा ठमी लहान होती. थोरली दूरच्या शहरात कपड्यांच्या कारखान्यात कामाला गेली आणि ठमी मावशीकडे राहिली, धुलाईघराच्या मागच्या खोलीत. थंडीत मावशी तिला मशीनमधून नुकत्याच काढलेल्या चादरींच्या गाठोड्यावर झोपवायची. मोठी झाल्यावर ती अभ्यासाला बसली की ओरडायची, "मावशी, पाणी दे!" आणि मावशी आतून ओरडायची, "हात काय भाड्यानं दिलेस?" मग ठमी उठायची. रोजचा खेळ. पाणी एकदाही बसल्या जागी मिळाले नाही.

ठमी त्या उत्तराची वाट बघत राहिली. निदान डोळे वटारून तरी बघेल.

"आणते, ताई," मावशी म्हणाली आणि आत गेली.

"ह्याच का मावशी?" मुलाने ठमीला विचारले. त्याचा चेहरा उजळला होता. तो आईकडे वळला. "आई, मी सांगत होतो ना, हिलाही मावशींनीच वाढवलं. आपल्या मावशींनी मला वाढवलं तसंच."

"अरे वा," वकीलबाई म्हणाल्या. "नशीबवान आहात. इतकी वर्षं एका घरात टिकणारी माणसं आता मिळतात कुठे?"

ठमी खुर्चीत बसली. दोन वर्षांपासून ती या मुलाला सांगत होती, मला मावशीने वाढवले, मावशी असे म्हणते, मावशी तसे करते. आणि दोन वर्षे त्याने ऐकली ती त्याच्या घरातली मावशी. शब्द एकच होता, म्हणून दोघांनाही शंका आली नाही.

*

स्वयंपाकघरात मासे तळले जात होते. झारा थोरलीच्या हातात होता, पण तिचे लक्ष तव्यावर नव्हते. मधला दरवाजा उघडाच होता. बाहेर बोललेले सगळे आत ऐकू आले होते.

"ताई?" मामा दबक्या आवाजात म्हणाला. त्याच्या हातात कांदा तसाच राहिला होता. "सख्ख्या भाचीला ताई? तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"हळू बोल."

"हळू काय बोल? मी जातो आणि सांगतो."

धाकटीने त्याचा सदरा मागून पकडला. मामा तिघांत मधला. अंगाने आडवा, पण धाकटीने पकडले की लहानपणापासून तो थांबतोच. "तू सांगितलंस तर पोरगी खोटी पडेल. मावशीला मोलकरीण करणारी मुलगी, असं दिसेल त्यांना. लग्न ठरवायला आलेत ते. आज नको."

"मग कधी? लग्नात?"

"बघू."

"काय बघू? लग्नात तू कुठे बसशील? का पाणी वाटत फिरशील?"

"फिरेन," धाकटी म्हणाली. "त्यात काय एवढं? मला कुठे मिरवायचंय?"

मामाने थोरलीकडे बघितले. तो लिफ्ट दुरुस्त करायचे काम करायचा, आणि भांडणात कोणता धागा तुटलाय ते शोधायची त्याला सवय होती. "तू सांग. तू मोठी आहेस."

थोरली मासा उलटत म्हणाली, "तासा-दीड तासाचा प्रश्न आहे. जेवतील, जातील. मग ठमी सांगेल त्या मुलाला निवांत."

"म्हणजे तूही हिच्याच बाजूची."

"मी कुणाच्या बाजूची नाही. मला एवढंच कळतं की पोरीचं चांगलं होतंय."

बोलताना थोरलीने दोघांकडे बघितले नाही. बघितले असते तर त्यांना काहीतरी कळले असते, अशी तिला भीती होती. ठमीच्या तोंडून तो 'आणता' ऐकला तेव्हा तिला क्षणभर बरे वाटले होते. अगदी क्षणभर. लेकीच्या बोलण्यात उठता बसता मावशी असायची. आजारी पडली तर मावशी, परीक्षेत पहिली आली तर मावशी. थोरली कारखान्यातून महिन्याकाठी एकदा यायची, खाऊ आणायची, आणि पोर ओळख नसल्यासारखी मावशीच्या मागे लपायची. ते सगळे मनात कुठेतरी साचून राहिले असावे. आज बाहेर कुणीतरी धाकटीला खाली बसवले, आणि थोरलीच्या छातीतून एक वारा गेला. मग तिने धाकटीचे हात बघितले. साबणाच्या पाण्याने बोटांची टोके पांढरी पडलेली, आणि त्या बोटांत पेल्यांची थाळी. थोरलीला स्वतःचीच इतकी शरम वाटली की तेल अंगावर उडाले तेही तिला कळले नाही.

"कपडे तरी बदल," ती म्हणाली.

"आता बदलले तर विचारतील, ही नटली कशाला," धाकटी म्हणाली, आणि थाळी घेऊन बाहेर गेली.

*

वकीलबाई वाईट नव्हत्या. हे सांगायला हवे, कारण मामाने नंतर त्यांच्या बऱ्याच नकला केल्या. त्या न्यायालयात मजुरांच्या बाजूने उभ्या राहायच्या, गिरण्यांच्या आणि गोदामांच्या मालकांशी भांडायच्या, आणि त्यासाठी त्यांना त्रासही झाला होता. घरात त्यांचा एक नियम होता. कामाला येणाऱ्या कुणालाही 'तू' म्हणायचे नाही, 'अगं-अरे' करायचे नाही. त्यांच्याकडच्या मावशी मुलाच्या जन्मापासून होत्या आणि सगळे घर त्यांना 'तुम्ही' म्हणायचे. याचा वकीलबाईंना अभिमान होता.

त्यांना हे घर आवडले होते. साधे होते, पण भिंतीवर ठमीने काढलेल्या एका पुलाचा नकाशा टांगला होता आणि खिडकीतून शहरभर उभे राहिलेले मनोरे दिसत होते. जेवायला बसल्यावर त्यांचे यजमान, दातांचे डॉक्टर, नेहमीप्रमाणे सगळ्यांचे दात बघत होते. ते फार बोलत नसत. माणूस हसला की मात्र पुढे झुकायचे.

"तुम्ही लिफ्टचं काम करता?" त्यांनी मामाला विचारले.

"हो. हे मनोरे दिसतात ना, त्यातले निम्मे माझ्या दोरीला लटकलेत," मामा म्हणाला. "पूर्वी इमारती बुटक्या होत्या. लिफ्ट दुरुस्त झाली की वरची बाई चहा विचारायची. आता एवढ्या वर जातो की कान बंद होतात, आणि वर कुणी दिसत नाही. एक कॅमेरा दिसतो. दुरुस्त झालं की त्यालाच हात हलवतो आणि उतरतो. उतरायला जिना बरं का. पाहुण्यांची लिफ्ट आमच्यासाठी नाही."

"जी दुरुस्त केलीत ती?" मुलाने विचारले.

"तीच."

सगळे हसले. मामा हसताना तोंडावर हात धरायचा, तरी डॉक्टरांनी पाहिलेच. "वरचा डावा गेलाय. या एकदा, बसवून देतो."

"त्या जागेतून शिट्टी छान वाजते, डॉक्टर. राहू द्या."

वकीलबाई हसत होत्या, पण त्यांच्या लक्षात आले की मुलीची आई जेवत नाहीये. घास हातात तसाच आहे. आणि मुलगी सारखी त्या निळ्या कोटातल्या बाईंकडे बघतेय. त्या बाई टेबलाच्या कोपऱ्याशी उभ्या राहून वाढत होत्या. कुणाला काय हवे ते मागायच्या आधी त्यांना कळत होते. ठमीच्या ताटातला काटा त्यांनी न बोलता काढून बाजूला ठेवला होता, आणि ठमीनेही तो काढू दिला होता. वकीलबाईंना वाटले, किती जीव आहे दोघींचा. लग्नानंतर या बाईंचे कसे होईल? आणि त्यांच्या मनात एक विचार आला. तो त्यांना फारच चांगला वाटला.

"मावशी, तुम्ही राहता कुठे?"

"दवाखान्याच्या मागे, बाई."

"म्हणजे तिथलं काम करून इथे येता? थकत असाल हो." त्या वळून बसल्या. "हे बघा, एक सुचवू का? मुलं आमच्या शेजारच्याच इमारतीत राहणार आहेत. घराला मागच्या बाजूला एक स्वतंत्र खोली आहे. खिडकी आहे, ऊन येतं. तुम्ही ठेक्याचं काम सोडा आणि तिथे या. हिलाही तुमची सवय आहे. पगार वेळेवर, आठवड्याची सुट्टी, आजारपणाची सुट्टी, सगळं रीतसर. माझा शब्द. मी स्वतः लक्ष घालीन."

मामाचा घास तोंडापाशी थांबला. थोरलीने डोळे मिटले.

धाकटी मात्र हातातले भांडे धरून विचार करत होती. कुणाला खरे वाटणार नाही, पण तिला राग आला नाही. ती त्या खिडकीचा विचार करत होती. धुलाईघराच्या मागच्या खोलीला खिडकी नव्हती, वाफ जायला एक झरोका होता. आजारपणाची सुट्टी. निळा कोट नाही. मुकादम नाही. आणि ठमी भिंतीपलीकडे. रोज दिसेल. उद्या तिला मूल झाले तर ते मांडीवर येईल. लग्नानंतर आपण या पोरीच्या घरी कशा जाणार, कोण म्हणून जाणार, या काळजीने तिला किती दिवस झोप नव्हती. आणि इथे जाण्याचा रस्ता कुणीतरी आपण होऊन दाखवत होते.

"येईन की," ती हळूच म्हणाली. "ताईंना चालत असेल तर येईन."

*

ठमी उठली. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला.

"मावशी, बस."

"मी बरी आहे उभी, ताई."

"बस म्हणते ना! आणि मला ताई म्हणू नकोस. तू बस. इथे बस." तिचा आवाज चढला होता. ती वकीलबाईंकडे वळली. "काकू, ही माझी मावशी आहे. खरी मावशी. आईची सख्खी बहीण. कामाला नाही येत ही इथे, हिच्याच घरात मी मोठी झाले. मघाशी मी 'आणता का' म्हटलं. जन्मात कधी म्हटलं नव्हतं. तिच्या अंगात तो कोट होता, तुमचा कोट तिच्या हातात होता, आणि माझी जीभ घाबरली. चूक तुमची नाही. मला दारातच सांगता आलं असतं."

तव्यावरचा शेवटचा मासा आत करपत होता. त्याचा वास आला, पण उठले कुणीच नाही.

"ठमे, कशाला गं," धाकटी पुटपुटली. "चांगलं चाललं होतं."

"काही चांगलं चाललं नव्हतं," थोरली म्हणाली. ती उठली आणि स्वतःची खुर्ची तिने धाकटीच्या मागे आणून लावली. खांद्यांवर हात ठेवून तिला खाली बसवले. मग पाहुण्यांना म्हणाली, "मला बोलता येत नाही फार. पण मुलगी हिनं वाढवली. मी महिन्याला एकदा यायचे, पाहुणीसारखी. तुम्हाला लग्नाचं विचारायचं असेल तर हिला विचारा. ही हो म्हणाली तर माझं हो."

धाकटीने मान वर करून बहिणीकडे पाहिले. हे वाक्य थोरली कधी म्हणेल असे तिला स्वप्नातही वाटले नव्हते. तिने खांद्यावरचा तो हात दाबून धरला.

मामा आतून स्टूल घेऊन आला आणि त्यावर थोरलीला बसवले. "सगळे बसलो एकदाचे," तो म्हणाला. "एक मासा तेवढा गेला."

वकीलबाईंचा चेहरा लाल झाला होता. "मी तुमच्या हातात कोट दिला," त्या धाकटीला म्हणाल्या.

"त्यात काय? मऊ आहे. लोकर चांगली आहे."

"नाही हो. मी तुमचा चेहरा बघितलाच नाही. कोटच बघितला."

मुलगा खाली मान घालून बसला होता. तो म्हणाला, "आई, तू एक मिनिट बघितलं नाहीस. मी दोन वर्षं ऐकूनही ऐकलं नाही. ही 'मावशी' म्हणायची, आणि मी घरात जे बघितलं तेच समजायचो. म्हणजे आपल्याकडे मावशी आहेत, तशा."

"लहानपणी तू आपल्या मावशींना 'तू' म्हणायचास," डॉक्टर म्हणाले. इतका वेळ ते गप्प होते, त्यामुळे सगळ्यांनी वळून बघितले. "तिच्या हातूनच जेवायचास. आईच्या हातून नाही. शाळेत जायला लागलास तेव्हा तुला 'तुम्ही' शिकवलं. बरेच दिवस रडलास. तुला वाटायचं, ती रागावलीय म्हणून तिला 'तुम्ही' म्हणायचं."

"मान द्यावा म्हणून शिकवलं," वकीलबाई म्हणाल्या. "कुणी त्यांना तुच्छ लेखू नये म्हणून."

"चांगलंच केलंत," धाकटी म्हणाली. तिला या बाईंची कीव आली होती आणि ती लपवायला ती भात कालवत होती. "आमचा मुकादम 'ए निळी' म्हणून हाक मारतो. 'तुम्ही' म्हणणारं घर मिळायला नशीब लागतं." मग तिने सरळ मनाने विचारले, "बसतात का हो त्या तुमच्याबरोबर जेवायला?"

वकीलबाईंनी खोटे बोलायचा प्रयत्न केला नाही. "नाही. त्या म्हणतात, मी बरी आहे उभी."

"मी पण आत्ता तेच म्हणाले," धाकटी म्हणाली.

वकीलबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. खिडकीबाहेर मनोऱ्यांत दिवे लागायला सुरुवात झाली होती, वरच्या मजल्यांवर आधी.

"विचारीन मी त्यांना," त्या म्हणाल्या. "आजच. बसतील की नाही माहीत नाही."

"एकदा विचारून नाही बसणार. पुन्हा विचारा. तरी नाही बसल्या तर हात धरून ओढा. ही बघा, हिनं कसं बसवलं मला." धाकटीने मागे थोरलीकडे मान हलवली. "आणि लग्नाला आणा त्यांना. आम्ही दोघी शेजारी बसू. लोकांना कळू दे घोटाळा, कुठली मावशी कुणाची."

ठमी हसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आले. तिने मागून येऊन मावशीच्या अंगातला निळा कोट काढला. धाकटीने लहान मुलासारखे हात मागे केले आणि काढू दिला. आत साधा फुलाफुलांचा सदरा होता, कोपरावर ठिगळ लावलेला. ठमीने कोट नेऊन खुंटीवर अडकवला. खुंटी एकच होती. तिथे राखाडी लोकरीचा कोट आधीच होता, त्यावर तो बसला.

वकीलबाईंची नजर त्या पाठीवरच्या नावावर गेली. "पांढरा कोट होता म्हणालात ना मघाशी? पक्की माणसं ठेक्यावर टाकली त्यांनी? सगळ्या बायकांना?"

धाकटीला आठवेना आपण हे कधी म्हणालो. मग मामा खाकरला. जेवताना वकीलबाईंच्या कानात त्याने काय काय सांगितले असेल देव जाणे.

"सगळ्यांना."

"तुमच्या त्या मुकादमाला मला भेटायचंय. आणि त्याच्या वरच्यालाही."

"भेटा, जरूर भेटा," मामा म्हणाला. "मी लिफ्टनं वर सोडतो तुम्हाला. पण आधी मासा खा, विहीणबाई."

'विहीणबाई' हा शब्द त्या खोलीत पहिल्यांदाच उच्चारला गेला होता. थोरलीने चमकून धाकटीकडे बघितले. हो की नाही, हे अजून धाकटीने सांगितले नव्हते. सगळ्यांचे डोळे तिच्यावर आले. तिने घास गिळला.

"मुलगा ऐकतो का कुणाचं?" तिने विचारले.

"उशिरा ऐकतो," ठमी म्हणाली.

"उशिरा का होईना." आणि ती पुढचा घास कालवू लागली. तेच तिचे हो होते. घरातल्यांना ते कळले आणि त्यांनी बाकीच्यांना नजरेने कळवले.

मग खरे जेवण झाले. गार झालेला भात सगळ्यांनी मागून मागून घेतला. डॉक्टरांनी थोरलीच्या दातांची स्तुती केली आणि ती लाजली. मामाने त्या कॅमेऱ्याला हात कसा हलवायचा ते करून दाखवले. वकीलबाईंनी हसताना टेबलावर हात आपटला, आणि त्यांच्या मुलाला वाटले, आईला असे हसताना आपण कितीतरी दिवसांनी बघतोय.

त्याला ठसका लागला. मिरची लागली असावी. पाण्याचा तांब्या त्याच्याच कोपराशी होता, पण त्याने बघितला नाही.

"मावशी, पाणी," तो म्हणाला, आणि थांबला.

पुढचा शब्द काय येतो म्हणून टेबलावरचे सगळे गप्प झाले. त्यालाही ते कळले. ठसका तसाच दाबून तो धाकटीकडे बघत राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"दे," तो म्हणाला.

धाकटीने त्याला वरपासून खालपर्यंत बघितले. जसे ती मशीनमधून निघालेली चादर उजेडात धरून बघायची, डाग गेला की नाही.

"हात काय भाड्यानं दिलेस?"

मामाची शिट्टी त्या पडलेल्या दाताच्या जागेतून आपोआप निघाली. ठमीने दोन्ही हातांनी तोंड झाकले. मुलगा खोकत, हसत उठला, तांब्या उचलून त्याने आधी मावशीचा पेला भरला, सांडेपर्यंत भरला, आणि मग आपला.

वकीलबाईंनी सवयीने आपलाही पेला त्याच्यापुढे धरला होता. त्यांनी क्षणभर धाकटीकडे बघितले. पेला खाली ठेवला, आणि तांब्या स्वतः ओढून घेतला.